फुल स्टॅक डेव्हलपर म्हणजे नक्की कोण रे भाऊ?

अर्धाच_स्टॅक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा सोलापूरचा, सध्या वाकडला राहतो. इंजिनिअरिंग मेकॅनिकलचं, मग सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक' (वेबसाइटचा पडदा, सर्व्हर, डेटाबेस सगळंच एकाने करायचं) कोर्स, आणि आता अडीच वर्षांचा अनुभव. क्लासच्या सर्टिफिकेटवर 'फुल स्टॅक डेव्हलपर' छापलंय म्हणून लिंक्डइनवरही तेच लिहिलं. प्रत्यक्षात मी काय करतो? रिअ‍ॅक्टमध्ये फॉर्म बनवतो. अधूनमधून नोडमध्ये सर्व्हरवरची एखादी एपीआय (पडदा आणि डेटाबेस यांच्यातला दुवा) लिहितो, म्हणजे आधीची कॉपी करून नावं बदलतो. डेटाबेस टीममधला एक दादा बघतो. सर्व्हर कुठे आहे ते मला माहीत नाही. एकदा विचारलं तर "क्लाउडवर" असं उत्तर आलं.

पुढच्या आठवड्यात एक मुलाखत आहे. जाहिरातीत काय मागितलंय बघा: रिअ‍ॅक्ट आणि अँग्युलर, नोड आणि स्प्रिंग बूट, पायथन, ओरॅकल, मोंगो, डॉकर, कुबरनेटीस, एडब्ल्यूएस, "फिग्मा येत असल्यास प्राधान्य" (म्हणजे डिझाइनही). अनुभव २ ते ४ वर्षं.

हे सगळं येणारा माणूस असतो का? आणि मी स्वतःला फुल स्टॅक म्हणवून घेतोय ती फसवणूक आहे का?

कोथरूडकर
एक ना धड, भाराभर चिंध्या. धागा बंद करायला हरकत नाही.

सेमीकोलन
चुरमुरे-शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

रानजाई
फिग्मा येत असल्यास प्राधान्य, चहा करता येत असल्यास लगेच रुजू :)

जुना_फॉक्सप्रो
तुमच्या पिढीला हा शब्द नवा वाटतो म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

१९९५ साली कराडजवळ एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. फॉक्सप्रो २.६, डॉसवर. स्क्रीन मी काढली, डीबीएफ फाइली मी मांडल्या, मार्चअखेरीचं व्याज काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला, आणि १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सवर खतावणी नेमकी रेघेवर छापली जावी म्हणून दोन रात्री मीच जागलो. मराठी दिसण्यासाठी सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागायचं, तेही पेटी उघडून मीच बसवलं.

एक दिवस फोन आला, "सगळे कॉम्प्युटर बंद." एसटीने गेलो. प्रोग्रॅम बघितला, ठीक. इंडेक्स (डेटाची शोधसूची) पुन्हा बांधला, ठीक. तासाभराने टेबलाखाली वाकलो. तेव्हा नेटवर्कची काळी कोअ‍ॅक्सियल केबल एका यंत्रातून दुसऱ्यात जायची आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर नावाचं टोपण लागायचं. ते नसेल तर पूर्ण ओळ झोपते. शिपायाने केर काढताना एक टोपण निघालं होतं आणि त्याने ते जपून गणपतीच्या फोटोपुढे ठेवलं होतं.

मला तेव्हा कोणी फुल स्टॅक म्हणत नव्हतं. "कॉम्प्युटरवाले आले" म्हणायचे. चहा मात्र स्पेशल यायचा.

सेमीकोलन
गणपतीपुढचं टोपण! काका, दंडवत घ्या.

डीबीए_पण_माणूसच
जुना_फॉक्सप्रो, गोष्ट सुरेख, पण ती आज लागू होत नाही. तुमच्या पतसंस्थेत एकावेळी किती जण बसायचे? सहा? आज त्याच संस्थेचं अ‍ॅप असेल तर एक तारखेला सकाळी दहा वाजता काही हजार लोक एकदम शिल्लक बघतात. प्रत्येक थर इतका खोल झालाय की सगळे थर एकाला येतात असं म्हणणं म्हणजे एकाच डॉक्टरने दात आणि हृदय दोन्हींचं ऑपरेशन करणं.

रोजचं उदाहरण देतो. फुल स्टॅकवाल्याने यादीचं पान बनवलं. २०० सभासद आणि प्रत्येकापुढे त्याच्या शाखेचं नाव. कोडमध्ये बघायला गोड, एक साधा लूप. खाली डेटाबेसकडे जातात २०१ क्वेरी (प्रश्न). एक यादीची आणि मग प्रत्येक सभासदामागे एक. त्याच्या लॅपटॉपवर १५ सभासद होते, त्यामुळे पान झटकन यायचं. लाइव्ह गेल्यावर माझा फोन वाजतो, "डेटाबेस स्लो आहे." डेटाबेस स्लो नाही हो, तुम्ही त्याला एका दाण्यासाठी एक अशा दोनशे खेपा घालायला लावताय.

दुसरं. ओरॅकलमध्ये नावाचा कॉलम व्हारचार२, लांबी ५०. त्याला वाटलं ५० अक्षरं. मुळात सेटिंग बदललं नसेल तर ते ५० बाइट असतात, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-हलंत वेगळे धरून. 'ज्ञानेश्वर' म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. 'कुलकर्णी' ८ चिन्हं, २४ बाइट. मधली मोकळी जागा १. एकूण ५५. म्हणजे ज्ञानेश्वर कुलकर्णी नावाचा माणूस त्या बँकेत खातंच उघडू शकत नाही.

कोथरूडकर
आमच्या पेठेत निम्म्या लोकांची खाती बंद म्हणायची.

रानजाई
कोथरूडला पेठ कधीपासून झाली?

कोथरूडकर
मूळचा सदाशिव. आयडी नंतर घेतला. विषयावर या.

वेलदोडे
शब्दाचा उगम कोणी सांगितला नाही म्हणून थोडक्यात. स्टॅक म्हणजे चवड, एकावर एक रचलेले थर. आधी 'लॅम्प' होतं: लिनक्स, अपाचे, मायएसक्यूएल, पीएचपी. तेव्हाही बरेच जण चारही थर एकटेच हाताळायचे. त्यांना वेबमास्टर किंवा नुसतं पीएचपीवाला म्हणायचे. २००९ मध्ये नोड आलं आणि ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालायला लागली. मग २०१३ मध्ये मोंगो, एक्सप्रेस, अँग्युलर, नोड मिळून 'मीन' हे नाव निघालं. त्याच वर्षी रिअ‍ॅक्ट सगळ्यांना वापरायला खुलं झालं. एकच भाषा पुढेही चालते आणि मागेही, त्यामुळे कंपन्यांना वाटलं माणूसही एकच पुरेल. क्लासवाल्यांना तर तयार अभ्यासक्रम मिळाला.

गंमत अशी की भाषा एक झाली तरी कामं एक होत नाहीत. पौरोहित्य आणि वकिली दोन्ही मराठीत करता येतात, म्हणून भटजी कोर्टात उभे राहत नाहीत.

सनीव्हेलची_माई
वेबवरचा पहिला फुल स्टॅकवाला टिम बर्नर्स-ली. १९९० मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेत नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर त्याने पहिला ब्राउझरही लिहिला आणि पहिला सर्व्हरही. एचटीएमएल आणि एचटीटीपी त्याचीच. त्या यंत्रावर "हा सर्व्हर आहे, बंद करू नका" अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणजे ऑपरेशन्सही (यंत्र चालू ठेवणं) त्याच्याकडेच.

इथलं, अमेरिकेतलं, सांगते. मोठ्या कंपनीत तुमच्या वाट्याला पानावरचं एक बटण येतं, पण त्या बटणाची पुढची बाजू, मागची सेवा, त्याचे आकडे आणि रात्री ते मोडलं तर उठणं, सगळं तुमचंच. खाली डेटाबेस सांभाळणारी वेगळी टीम असतेच. आमच्याकडे फुल स्टॅक म्हणजे उभी पण अरुंद पट्टी. तुमच्या जाहिरातीत मागितलंय ते उभंआडवं आख्खं शेत.

मु_पो_तासगाव
डीबीए भाऊंनी ज्ञानेश्वर कुलकर्णींचं काढलं म्हणून लिहितो, नाहीतर मी फक्त वाचतो इथं.

मी तासगावातूनच काम करतो, आम्ही तिघं. बेदाण्याच्या सौद्यांचं अ‍ॅप आहे एका ग्राहकाचं. शेतकऱ्याची नोंद, माल किती पेट्या, दर काय निघाला, पट्टी (विक्रीचा हिशेब) कधी मिळणार. गेल्या हंगामात तक्रार आली, "कुऱ्हाडे आडनावाचा माणूस सापडत नाही." सापडत नाही म्हणजे यादीत डोळ्याला दिसतोय, शोधायला गेलं की शून्य. पाटील सापडतोय, माळी सापडतोय, कुऱ्हाडे नाही.

पुढचं, म्हणजे पडद्याचं, बघणाऱ्या पोरानं सांगितलं, "माझ्याकडनं शब्द बरोबर जातोय." मागचं, म्हणजे सर्व्हरचं (बॅकएंड), बघणारा म्हणला, "क्वेरी बरोबर आहे." दोघंही खरं बोलत होते. मग मी बसलो. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधनं गेलेला शब्द उचलला, पोस्टग्रेस डेटाबेसमधनं साठवलेला शब्द उचलला, आणि दोन्हीची अक्षरं सुटी करून एकेकाचा युनिकोड क्रमांक छापला. तेव्हा उजेड पडला.

हा ऱ्ह तीन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, ऱ हे एकच चिन्ह, मग हलंत, मग ह. दोन, साधा र, त्याच्याखाली नुक्ता (टिंब), मग हलंत, मग ह. तीन, साधा र, हलंत, मग डोळ्याला न दिसणारा जोडक, आणि मग ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. डेटाबेसला मात्र ते तीन वेगळी माणसं. मोबाइलवरनं नवी नोंद केली की पहिली तऱ्हा. जुनी यादी कधीकाळी जुन्या फाँटात टाइप केलेली, कन्व्हर्टरमधनं काढून एक्सेलमधनं चढवली होती, तिथं तिसरी तऱ्हा.

बरं, एवढ्यावर थांबत नाही. म्हणलं आधी हातानं दुरुस्त करू. जुना कुऱ्हाडे उघडला, त्याचा नुसता मोबाइल नंबर बदलला, सेव्ह करायला गेलो तर "नावात चुकीचे अक्षर आहे". पुढच्या पोरानं तपासणी लावली होती की नावात फक्त देवनागरी चिन्हं चालतील. तो न दिसणारा जोडक देवनागरीच्या चौकटीबाहेर बसतो. म्हणजे कुऱ्हाडे शोधायला सापडत नाही, सापडला तर बदलता येत नाही. बिचारा सहा महिने जुन्याच नंबरवर मेसेज घेत होता.

दुरुस्ती तीन ठिकाणी झाली. सर्व्हरवर शब्द आत येतानाच एका साच्यात आणायचा. युनिकोडचं ठरलेलं एनएफसी रूप पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, तिसरी करत नाही, तिला हातानं नियम लिहिला. जुन्या नोंदी एका रात्रीत बदलल्या, आधी बॅकअप घेऊन. आणि पुढच्या तपासणीत जोडक चालवून घेतला.

आता मला सांगा, हा बग पुढच्याचा का मागच्याचा का डेटाबेसचा? तिघांनी आपापलं काम चोख केलंवतं.

टेस्टर_ताई
तासगाव, टाळ्या. हा बग माझ्या हाती आला असता तर मी आठवडाभर नाचले असते.

तुमच्या अ‍ॅपमध्ये मेसेज आहेत म्हणून विचारते, मराठी एसएमएसचं बिल बघितलं का? इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा असतो, देवनागरी आला की ७० चिन्हांचा. ७१ वं चिन्ह आलं की दोन मेसेजचे पैसे, आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात.

मु_पो_तासगाव
ताई, जखमेवर मीठ. आमचा मजकूर ७४ चिन्हांचा होता. "आपल्या" च्या जागी "तुमच्या" घालून काही वाचेना. शेवटी "धन्यवाद" काढलं. मजकूर डीएलटीवर (धंद्याच्या एसएमएसची नोंदणी होते तिथं) पुन्हा मंजूर करून घ्यायला लागला ते वेगळंच. ग्राहक म्हणला, धन्यवाद काढलं तर शेतकरी नाराज होतील. मी म्हणलं, पट्टी वेळेत गेली तर धन्यवादाची वाट कोण बघतंय.

शुद्धलेखन_पोलीस
'ऱ्ह' वर चर्चा चाललीच आहे तर नोंदवतो, हा र चैन म्हणून नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना जेवायला वाढा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला वाढा' यांत पंगतीचा क्रम बदलतो.

सेमीकोलन
आचाऱ्यांनाच आधी वाढा. ते उठून गेले तर आचार्य उपाशी.

वेलदोडे
याला म्हणतात बॅकएंडची काळजी.

कोथरूडकर
हा शब्द ब्राह्मी लिपीत कसा लिहाल, असा प्रश्न येण्यापूर्वी संपादकांनी लक्ष घालावे.

संपादक_मंडळ
शुद्धलेखनासाठी वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयाला धरून लिहावे.

पगारपत्रक
मूळ विषयाला धरून: फुल स्टॅक म्हणजे तीन माणसांचं काम, सव्वा माणसाचा पगार.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण नाही थांबत. मी चार वर्षं एका स्टार्टअपमध्ये 'एकमेव फुल स्टॅक' होतो. सुरुवातीला मजा यायची. सकाळी डिझाइन, दुपारी एपीआय, संध्याकाळी सर्व्हर. वाटायचं, सगळं मला कळतं. मग ग्राहक वाढले. रात्री दोनला डिस्क भरली की मीच उठायचो, सकाळी दहाला डेमोही मीच द्यायचो. बहिणीच्या हळदीत मी मांडवामागे लॅपटॉप उघडून लॉग फाइली पुसत होतो, हाताला हळद तशीच. कीबोर्डच्या 'ई' बटणावर तो डाग पुढे कित्येक महिने होता.

मला माणूस द्या म्हटलं तर उत्तर काय, "अरे तू फुल स्टॅक आहेस ना." त्या शब्दाने दुसऱ्या माणसाची गरजच पुसून टाकली होती.

एचआरवाली
शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते. अशा जाहिराती मी टाकते.

त्या तयार कशा होतात ते ऐका. टीममधला एक मुलगा सोडून जातो. त्याला चार वर्षांत जे जे यायला लागलं ते मॅनेजर आठवून लिहितो. वर जे यायला हवं होतं असं त्याला वाटतं, तेही लिहितो. मग वरचे साहेब म्हणतात, क्लाउडचं काही टाका. माझ्याकडे यादी येते तेव्हा ती कुणा एका माणसाची राहिलेलीच नसते, ती टीमच्या वासनांची यादी असते. मी विचारते, यातलं आवश्यक काय? उत्तर येतं, "सगळंच."

मुलाखतीत प्रत्यक्षात त्यातल्या दोन-तीन गोष्टींवर खोदून विचारतात. धागाकर्त्यांनी घाबरून अर्ज मागे घेऊ नये. पण ज्या गोष्टीचं फक्त नाव ऐकलंय ती बायोडेटात लिहू नये. पॅनेल नेमकं तिथेच बोट ठेवतं, आणि मग खऱ्या येणाऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

पगारपत्रक
वासनांची यादी! ताई, हे तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावा.

एचआरवाली
लावलं तर माझ्या जागेची जाहिरात निघेल. त्यातही फिग्मा मागतील.

नव्या_युगाचा_शिलेदार
काय जुन्या गोष्टी उगाळताय मंडळी. आता एआयला सांगा, तो पुढचं, मागचं, डेटाबेसचं सगळं लिहून देतो. मी गेल्या महिन्यात तीन दिवसांत आख्खं अ‍ॅप उभं केलं. आता प्रत्येक जण फुल स्टॅक.

टेस्टर_ताई
त्या अ‍ॅपमध्ये कुऱ्हाडे शोधून दाखवा.

डीबीए_पण_माणूसच
आणि ज्ञानेश्वर कुलकर्णींचं खातं उघडा.

जुना_फॉक्सप्रो
आणि टोपण कुठे ठेवलंय ते त्याला विचारा :)

नव्या_युगाचा_शिलेदार
हसा हसा. पण लिहिण्यात जाणारा वेळ वाचला हे तरी मान्य कराल?

मु_पो_तासगाव
ते मान्य. मीही वापरतो. ऱ्ह चा नियम लिहिणारा कोड त्यानंच दिला. पण ऱ्ह तीन तऱ्हेचा आहे हे मला कळल्यावर. त्याच्या आधी विचारलं तेव्हा तो मला इंडेक्स लावायला सांगत होता.

सनीव्हेलची_माई
नेमकं. धागाकर्त्याला माझ्याकडून एक अभ्यास. मुलाखतीचा जुना प्रश्न आहे: ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं? पाठ केलेलं उत्तर सगळ्यांना येतं. नाव विचारून आयपी (सर्व्हरचा क्रमांक) मिळतो, जोडणी होते, प्रमाणपत्र तपासलं जातं, विनंती जाते, उत्तर येतं. तू असं कर, तुझ्याच ऑफिसमधला तुझाच एक फॉर्म घे आणि त्याचं एक बटण दाबल्यापासून डिस्कवर ओळ लिहिली जाईपर्यंत पाठलाग कर. जिथे "इथून पुढे दादा बघतो" येईल, तिथे दादाशेजारी खुर्ची ओढून बस. हौशी माणसं असतात हे दादा लोक, सांगतात.

डीबीए_पण_माणूसच
माझा विरोध नाही, खुर्ची ओढून बसाच. माझी हरकत त्या शब्दाने येणाऱ्या फुकटच्या आत्मविश्वासाला आहे. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या लोकांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबी. मग बॅकअप काढायला गेले तर पाच वेगवेगळ्या सोयींपैकी एकही धड चालत नव्हती. कोणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून वाचले. त्यांनी हे सगळं स्वतः जगासमोर मांडलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण अशी माणसंही चुकतात, तर सहा महिन्यांच्या कोर्सवाल्याच्या हातात लाइव्ह डेटाबेसची किल्ली देताना दहा वेळा विचार करा.

अर्धाच_स्टॅक
सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. माईंनी सांगितलं तसं आज केलं. दादाशेजारी बसलो.

जरा लाज वाटते सांगायला. माझा फॉर्म जन्मतारीख घेतो. मी ती तारीख-वेळ म्हणून पाठवतो, आपल्या वेळेप्रमाणे मध्यरात्र. वाटेत तिचं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होतं, म्हणजे साडेपाच तास मागे, म्हणजे आदला दिवस. सर्व्हर त्यातला फक्त तारखेचा भाग उचलून साठवतो. मी दादाला टेबल उघडायला लावलं आणि माझी स्वतःची चाचणी नोंद बघितली. जन्म १५ ऑगस्टचा, साठवलंय १४ ऑगस्ट.

पण पडद्यावर नेहमी बरोबर दिसायचं! शोधलं तर माझ्या आधीच्या मुलाने दाखवताना एक दिवस वाढवलेला निघाला. वर टिप्पणी: "का माहीत नाही, पण असं केलं की चालतं."

सेमीकोलन
"का माहीत नाही, पण असं केलं की चालतं." आमच्या संपूर्ण खात्याचं बोधवाक्य.

सनीव्हेलची_माई
शाब्बास! आता ते एक दिवस वाढवणं काढायच्या आधी जुन्या नोंदींचं काय करायचं ते ठरव. घाईत काढलंस तर सगळे एक दिवसाने मोठे होतील.

रानजाई
आमच्या भावकीत दोन जण चालतील मोठे झालेले.

मु_पो_तासगाव
दादांनी काय म्हणलं?

अर्धाच_स्टॅक
दादा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "या टेबलावरनं वाढदिवसाचे मेसेज जातात." लोकांना दोन वर्षं आदल्या दिवशी शुभेच्छा जात होत्या. कोणी तक्रार केली नाही.

शुद्धलेखन_पोलीस
आगाऊ शुभेच्छा. दोन्ही अर्थांनी.

कोथरूडकर
हे चांगलं होतं. मान्य करावं लागेल.

अर्धाच_स्टॅक
काल मुलाखत झाली, म्हणून धागा वर आणतोय.

कुबरनेटीसबद्दल विचारलं नाही. अँग्युलरबद्दल नाही. फिग्मा तर नाहीच. पहिला अर्धा तास एकच प्रश्न होता: वापरणाऱ्याने फॉर्म भरला, "यशस्वी" असा हिरवा पट्टा आला, पण यादीत नोंद दिसत नाही. कुठून सुरुवात कराल?

मी म्हटलं, आधी नेटवर्क टॅबमध्ये बघेन की विनंती खरंच गेली का आणि काय उत्तर आलं, कारण पट्टा उत्तराची वाट न बघताही दाखवता येतो (आमच्याकडे एका ठिकाणी तसाच आहे). मग सर्व्हरचा लॉग. मग टेबलात ओळ आहे का. त्यांनी विचारलं, ओळ आहे, तरी दिसत नाही, आता? मी अडकलो. मग कुऱ्हाडे आठवले. म्हटलं, यादी कुठल्या अटीने शोधतेय ते बघेन, साठवलेली किंमत आणि शोधलेली किंमत अक्षराला अक्षर तीच आहे का ते तपासेन. ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे कारण वेगळं होतं." यादी डेटाबेसच्या प्रतीवरून वाचली जात होती आणि प्रत काही सेकंद मागे होती. हे मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं.

शेवटी विचारलं, "बायोडेटात फुल स्टॅक लिहिलंय, तुम्ही स्वतःला तसं मानता का?" मी खरं सांगितलं की पुढचं बरं येतं, मागचं थोडं, खालचं आता शिकतोय आणि वाटेत कुठे अडकलो ते शोधता येतं. दुसरी फेरी सोमवारी आहे.

जुना_फॉक्सप्रो
"माहीत नाही" म्हणालात, तिथेच अर्धं काम झालं. सोमवारसाठी शुभेच्छा. आदल्या दिवशी देत नाही, सोमवारीच देईन.

पगारपत्रक
एक विचारून घ्या, रात्रीचा फोन कोणाकडे असतो आणि टीममध्ये माणसं किती. पगाराआधी हे विचारा.

डीबीए_पण_माणूसच
आणि निवड झाली तर पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी विचारा, बॅकअपमधून डेटा परत आणून बघितला होता तो शेवटचा दिवस कुठला. उत्तर देताना समोरचा छताकडे बघायला लागला तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कोथरूडकर
माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही. पण चिंध्यांची गोधडी चांगली होते, एवढं जोडतो.

टेस्टर_ताई
अवांतर: आत्ता याच संस्थळाच्या शोधात 'कुऱ्हाडे' टाकून बघितलं. हा धागा सापडत नाही.

संपादक_मंडळ
तांत्रिक चमूला कळवले आहे. चमूत एकच जण आहे.